माडीवरच्या खिडकीची कडी

साहेब, तुम्ही खोटं छापलंत.

तुमच्या मांजरवाल्या संस्थेला पंचवीस वर्षं झाली म्हणून जे गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलंत, त्याच्या एकेचाळिसाव्या पानावर तुमचा लेख आहे. जातिवंत मांजरं घरातच का ठेवावीत, यावर. त्यात एक वाक्य आहे : ‘मिरजेत एका निष्काळजी मोलकरणीने खिडकी उघडी टाकली आणि उत्तम वंशावळीची एक पर्शियन मादी रस्त्यावर बेवारस मेली.’

ती मोलकरीण म्हणजे मी. अनुसया वायदंडे. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांवर. तरी तुमच्या एका वाक्यात मला तीन चुका सापडल्या. मी मोलकरीण नव्हते. ती मांजरी रस्त्यावर मेली नाही. आणि तिसरी चूक, तो ‘निष्काळजी’ शब्द. त्याच्याकडं शेवटी येते. खिडकीची कडी कोणी काढली होती, तेही तेव्हाच सांगेन. मधे विचारू नका.

सतरा वर्षं झाली त्याला. गुरुवार होता. मी लाखेच्या पॉलिशची वाटी सांभाळत माडीचा जिना चढत होते आणि वरून हाजराचाची ओरडली, “अनशे, खर्जी तुझ्याकडं आलीय का गं?”

“माझ्याकडं कशी येईल? जिन्याचं दार लावलेलं असतंय की.”

“मग गेली कुठं?”

वर जाऊन बघते तर खिडकीची कडी निघालेली, एक फळी वाऱ्यानं हलतेय, पलीकडं शेजारच्या गोदामाचा पत्रा उन्हात तापलेला. टिपी आपल्या टोपलीत पोट वर करून झोपलेली. खर्जीचा पत्ता नाही. वाटी मी खाली ठेवली.

तुम्हाला ती माडी आठवत असेल. खाली दस्तगीरचाचांचं तंबोऱ्यांचं दुकान, वर माडी. माडीच्या तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर वाळवलेले भोपळे. तोंड कापलेले, बिया काढलेले, आतून घासून कोरे केलेले. दांडी बसायची आणि तोंडावर लाकडी तबली चढायची वाट बघत बसलेले. सगळ्यात वरच्या फळीवर, आढ्याला टेकून, एकच भोपळा होता. चाचांच्या घरात रीत अशी की कारागिरानं आयुष्यात एक भोपळा बाजूला काढायचा, आणि ज्याच्या गळ्याला तो द्यावासा वाटेल तो गळा भेटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कोणीच नाही. धूळसुद्धा झटकायची नाही. तो भोपळा चाचांच्या वडलांनी ठेवलेला, वडील गेले तरी तिथंच होता.

जवारी लावायला चाचा माडीवरच बसायचे, कारण खाली रिक्षांचा गोंगाट. तंबोऱ्याच्या तारा ज्या शिंगाच्या घोडीवरून जातात, ती घोडी कानशीनं घासत घासत अशी करायची की तार नुसती वाजत नाही, बोलते. एक घास जास्त झाला की घोडी फुकट. मी पॉलिश करायचे. स्पिरिटमध्ये लाख विरघळवायची, कापसाच्या पुरचुंडीनं हातावर हात चढवायचे, भोपळ्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. माझी बोटं अजून तपकिरी आहेत. मोलकरणीची बोटं अशी होत नाहीत, साहेब.

आणि त्या दोन मांजरी. पुण्याच्या गाणाऱ्या हेमांगिनीबाईंनी चाचांकडून तंबोऱ्यांची जोडी नेली, आणि त्या खुशीत मांजरींची जोडी पाठवून दिली. दोघी सख्ख्या बहिणी, पांढऱ्याशुभ्र, नाक दारावर आपटल्यासारखं. सोबत तुमच्या संस्थेचा कागद. माझ्या खापरपणज्याचं नाव मला ठाऊक नाही, या मांजरींच्या खापरपणज्याचं नाव इंग्रजीत टाइप केलेलं होतं. खाली अटी. मांजर घराबाहेर सोडायचं नाही. नर संस्था ठरवणार. वर्षाच्या आत तपासणी होणार, आणि अट मोडलेली दिसली तर मांजरं परत नेणार.

कागदावरची नावं कोणाला म्हणता येईनात. चाचांनी दोन दिवस दोघींचं ऐकलं आणि नावं ठेवली. एकीचा आवाज बारीक आणि वरचा, ती टिपी. दुसरी मांडीवर घेतली की छातीतून असा खोल गुरगुराट काढायची, की चाचा म्हणाले, “ही तर तंबोऱ्याची खर्जाची तार आहे.” म्हणून ती खर्जी.

पॉलिश ओलं असताना केस चिकटू नयेत म्हणून दोघींना माडीवर कोंडलेलं. टिपी मजेत होती. खर्जी नव्हती. ती दिवसभर बंद खिडकीच्या फटीला नाक लावून बसायची. मग खाणं सोडलं. मग स्वतःचं पोट चाटून चाटून टक्कल पाडलं. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, “आजार काही नाही. जीव रमत नाही.” चाची तिच्यापुढं मटणाचा रस्सा ठेवून विनवण्या करायची, “खा गं माझी बाई, खा.” ती खिडकीकडं बघायची.

आणि मग एकाएकी, श्रावणाच्या सुमाराला, ती खायला लागली. पोटावर केस आले. अंग धरलं. चाची म्हणाली, “माझ्या हातचं लागलं.” चाचा म्हणाले, “हवा बदलली.” मी काहीच म्हणाले नाही.

तर त्या गुरुवारी ती नाहीशी झाली. आणि शनिवारी तुम्ही तपासणीला येणार होतात, तेही हेमांगिनीबाईंच्याच गाडीतून, कारण बाईंचा नवा तंबोरा शनिवारी तयार होणार होता.

“आता काय गं?” चाची पायरीवर बसली. “टिपीला पण नेतील की. काय तोंड दाखवायचं बाईंना?”

“सापडेल ती. मी आणते,” मी म्हणाले. आणि लगेच चप्पल घातली. एवढी घाई का, ते मलाच ठाऊक.

मी गल्लीचं टोक न् टोक बघितलं. गोदामाचा पत्रा, गटार, गाड्याखाली झोपलेली कुत्री. कोपऱ्यावर गौसभाईंचं मटणाचं दुकान, तिथं पैलवान नावाचा एक पिवळ्या पट्ट्यांचा बोका असायचा, एक कान फाटलेला, चालणं तालमीतून आल्यासारखं. मी गौसभाईंना विचारलं, “पांढरी मांजर दिसली का?”

“ती केसाळ? रोज दिसायची की. दोन दिस झाले दिसली नाही.”

“रोज?” मी उगीच आश्चर्य दाखवलं.

“दुपारच्याला पत्र्यावर यायची. आमचा पैलवान दुकान सोडून तिथंच. गिऱ्हाइकाकडं बघत पण नव्हता.”

परत आले तर चाचा माडीवर जवारीला बसलेले. मांडीवर बाईंचा तंबोरा, हातात कानस. त्यांनी मला विचारलं, “मिळाली?” मी मान हलवली. ते म्हणाले, “येईल.” एवढंच. कडीबद्दल ना त्यांनी विचारलं, ना चाचीनं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

चाचांनी तार छेडली. कपाळाला आठी पडली. परत छेडली.

“अनसू, ऐक. काही ऐकू येतंय?”

“तंबोरा येतोय.”

“त्याच्या खाली. गुर्र गुर्र होतंय काहीतरी.”

मी कान दिला. मला तंबोराच ऐकू आला, कारण मला त्या दिवशी दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. चाचांनी घोडी जरा घासली. गुरगुर जाईना. तारेखालचं सूत बदललं. जाईना. तबलीचा सांधा सुटला की काय म्हणून नखानं टकटक करून सगळा भोपळा तपासला. वाजवलं की गुरगुर सुरू, थांबलं की थोड्या वेळानं ती पण थांबे. मग दोष तंबोऱ्यात नाही तर कुठं असणार? संध्याकाळपर्यंत त्यांनी एक घोडी घासून फुकट घालवली. शुक्रवारी दुपारपर्यंत दुसरी.

चाळीस वर्षांत त्यांनी एका तंबोऱ्यापायी दोन घोड्या घालवल्या नव्हत्या. शुक्रवारी तिसरी घोडी हातात घेऊन ते नुसते बसले.

“हाजरा,” ते म्हणाले, “माझा कान गेला.”

“काहीतरी बोलू नका.”

“नसलेलं ऐकू यायला लागलं म्हणजे कान गेला. माझ्या अब्बांचा पण असाच गेला होता. उद्या बाईंना सांगून टाकतो, दुसरीकडून करून घ्या म्हणून.”

मी खाली मान घालून पॉलिश घासत होते. त्या घरात त्या दिवशी दोघंजण आपापल्या गुन्ह्याखाली दबून बसले होते. त्यांचा कान गेला होता आणि माझी मांजर. टिपी तेवढी टोपलीत निवांत. आणि खातही होती भरपूर. दोन्ही वाट्या रोज सकाळी चाटूनपुसून साफ.

“दुःखानं खातेय बिचारी,” चाची म्हणाली. “बहीण गेली ना.”

मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिनं टिपीला उचललं, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

“अनशे, या दोघींत फरक काय आहे गं?”

“फरक? स्वभावाचा.”

“स्वभाव साहेबाला दिसतोय होय? एकदा हिला टिपी म्हणून दाखवायची. मग खाली न्यायची, आणि परत आणायची खर्जी म्हणून.”

“चाची! आणि दोघी एकदम दाखवा म्हणाले तर?”

“दोघींचं पटत नाही, रक्त निघेस्तोवर भांडतात म्हणायचं. बहिणी आहेत. कोण विश्वास ठेवणार नाही?”

चाचांनी कानस खाली ठेवली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. “हाजरा, निकाह लावताना मौलवीनं तुझ्याबद्दल काही सांगितलं नव्हतं.”

शनिवारी अकराला तुम्ही आलात. इस्त्रीचा सफारी, काखेत फाइल, हातात वजनाचा काटा. बाई तुमच्या मागून जिना चढल्या, चप्पल काढून आधी भोपळ्यांना हात जोडला. तुम्ही रुमालानं खुर्ची पुसलीत.

“ही टिपी,” चाची म्हणाली.

तुम्ही तिचं तोंड उघडलंत, दात बघितलेत, कान वळवून बघितलेत, काट्यात ठेवून वजन केलंत. टिपी तुमच्या तोंडावर शिंकली. तुम्ही लिहिलंत : ‘उत्तम’. मी तिला घेऊन खाली गेले, तंबोऱ्याला बांधायच्या गोंड्यातला लाल दोरा गळ्यात घातला, जिन्यात उभं राहून शंभर आकडे म्हटले आणि परत वर आले.

“ही खर्जी.”

तुम्ही तोंड उघडलंत, दात बघितलेत, वजन केलंत. ती परत तुमच्या तोंडावर शिंकली. तुम्ही म्हणालात, “कमाल आहे. वजन ग्रॅमपर्यंत सारखं. बहिणी असाव्यात तर अशा! याला म्हणतात शुद्ध वंश.” हे तुमचे शब्द आहेत, साहेब. मी एकही घातलेला नाही. चाचीनं पदर तोंडात कोंबला होता.

तुम्ही सही करायला पेन काढलंत. तिथं सगळं निभावलं असतं. पण बाई चाचांकडं वळल्या. “चाचा, माझा तंबोरा?”

चाचा उठले नाहीत. “बाई, माफ करा. हा माझ्या हातून झाला नाही. कान राहिला नाही आता.”

“ऐकू तर द्या.”

“नको.”

बाईंनी स्वतःच तंबोरा घेतला, मांडी घातली, डोळे मिटले आणि तारा छेडल्या. पंचम, जोड, जोड, खर्ज. माडी भरली. आणि भरलेल्या माडीत, सुरांच्या खालून, कुठून तरी, गुर्र... गुर्र...

बाईंनी डोळे उघडले. चाचांनी मान खाली घातली.

“चाचा,” बाई हळूच म्हणाल्या, “हा आवाज तंबोऱ्यात नाहीच.”

चाचांनी वर बघितलं. “तुम्हाला ऐकू येतोय?”

“चांगला येतोय. आणि सुरात आहे. पण तो मांडीवरून नाही येत, वरून येतोय.” त्यांनी वाजवणं न थांबवता हनुवटीनं आढ्याकडं दाखवलं. हात न लावायच्या भोपळ्याकडं.

चाचांचे डोळे भरून आले होते. भोपळ्याकडं त्यांनी नंतर बघितलं, साहेब. आधी त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरून बघितले, आहेत का म्हणून.

मग स्टूल आणलं. त्या भोपळ्याला हात कोण लावणार? चाचाच चढले. आत वाकून बघितलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत.

“हाजरा,” ते वरून म्हणाले, “बाळंतशेपा काढ. घरात बाळंतीण आहे.”

खर्जीनं भोपळ्याच्या तोंडातून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांकडं असं बघितलं, जसं काही आम्ही न सांगता पाहुणे आलोत. तिला दुसरी कुठली जागा पसंत पडणार? घरात तीच एक जागा होती जिथं कोणी हात घालत नाही. तंबोरा वाजला की ती गुरगुरायची, आणि तीस वर्षं वाळलेला तो भोपळा तिचा गुरगुराट माडीभर करायचा. आम्ही माडीवर नसलो की उतरून दोन्ही वाट्या साफ करायची. टिपी दुःखानं खात नव्हती. टिपी उपाशी होती, तिची कोणी दखलही घेतली नव्हती.

तुम्ही एकदा टिपीकडं बघितलंत, एकदा वर. “म्हणजे मी मघाशी दोनदा कोणाला तपासलं?”

“टिपीच,” चाची म्हणाली. “चांगली दोनदा तपासून झाली.”

चाचांनी पिल्लं एकेक करून खाली दिली. चार. एक पांढरं, एक पांढरं पण शेपूट पिवळं, आणि दोन अस्सल पट्ट्यापट्ट्यांची. त्यातल्या एकाचा चेहरा इतका पैलवानावर गेला होता की मी वळून गौसभाईंच्या दुकानाकडं बघितलं.

तुमचा आवाज चढला. “यांचा बाप कोण?”

“कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानात असतोय,” चाची म्हणाली. “चांगल्या घरातला आहे. रोज मटण.”

“त्याचे कागद?”

“त्याला कागदात बांधून खिमा मिळतोय. तेवढेच कागद.”

बाई तंबोऱ्यावर डोकं टेकून हसत होत्या. तुम्ही मात्र फाइल उघडलीत आणि माझ्याकडं पेन रोखलंत. “खिडकी कोणाच्या ताब्यात असते? या नोकर बाईच्या?” आणि मोठ्यानं म्हणत लिहिलंत, “नोकर स्त्रीच्या निष्काळजीपणामुळे...”

“नोकर कोण?” चाचा स्टुलावरून उतरले. “मघाशी तुम्ही ज्या तंबोऱ्यात वाकून भांग नीट केलात, तो आरसा हिच्या हातचा आहे. कारागीर लिहा.”

तुम्ही खोडलं नाहीत. म्हणालात, “दोन्ही मांजरं मी घेऊन जाणार. बाहेर सोडलेलं मांजर परत येत नाही. आज ना उद्या मरतं. त्याला काय कळतं?”

“तिलाच विचारू की,” बाई म्हणाल्या. “चाचा, उघडा खिडकी.”

चाचांनी दोन्ही फळ्या उघडल्या. आधी टिपीला चौकटीवर ठेवलं. तिनं गोदामाचा पत्रा बघितला, आभाळ बघितलं, शिंकली, आणि उलटी उडी मारून चाचांच्या मांडीवर जाऊन बसली. तिचा विषय संपला. मग खर्जी फळ्या उतरत खाली आली. पिल्लं हुंगली. चौकटीवर चढली. आणि ती गेली. पत्र्यावरून, गोदामाच्या कडेनं, दिसेनाशी.

“बघा,” तुम्ही म्हणालात. “गेली.” आणि मनगट वर करून घड्याळ बघायला लागलात.

पिल्लांनी चिवचिव लावली. चाचीनं त्यांच्यावर पदर धरला. खाली रिक्षा वाजत होत्या. मी खिडकीकडं बघत नव्हते, तुमच्या घड्याळाकडं बघत होते. काटा सातव्या मिनिटावर आला आणि पत्र्यावर टप टप टप पावलं वाजली. खर्जी आत आली. पायांना वाळू. शेजारच्या बांधकामावर वाळूचा ढीग होता, तिथं जाऊन आली होती. तिनं एका पिल्लाला मानेला धरलं, तीन फळ्या चढली आणि परत त्याच भोपळ्यात.

तुम्ही घड्याळ बाहीखाली ढकललंत.

“मांजरी मी दिल्यात,” बाई म्हणाल्या. “तुमचा काय तो कागद परत घ्या.”

चाचीनं कागद आणून दिला. टिपी त्यावर झोपायची, म्हणून केस झटकून दिला. तुम्ही गेलात. जेवायलाही थांबला नाहीत, पुलाव होता. स्टेशनपर्यंत रिक्षानं गेलात म्हणे.

बाई थांबल्या. जेवण झाल्यावर चाचांना म्हणाल्या, “हा तंबोरा मी नेते. पण तो वरचा भोपळा कोणासाठी ठेवलाय?”

चाचा विड्याला चुना लावत होते. “आजच ठरलं कोणासाठी. पण बाळंतिणीला उठवू का? दीड महिना थांबा.” बाई दीड महिना थांबल्या. तो तंबोरा अजून त्यांच्या मागं वाजतो.

संध्याकाळी दोघं खाली बसले असताना मी समोर जाऊन उभी राहिले.

“कडी मी काढत होते. दोन महिने. रोज दुपारी.”

चाची सुपारी कातरत होती. “माहीताय की. तू दीडला काढायचीस, ती परत आली की मी लावायची. त्या बुधवारी मी बहिणीकडं गेले होते, म्हणून उघडी राहिली.”

मी खालीच बसले. “मग म्हणाला का नाहीत?”

“तू म्हणालीस का?”

आम्ही दोघींनी चाचांकडं बघितलं. ते दुपारी माडीवरच झोपायचे.

“माझ्याकडं काय बघताय?” ते म्हणाले. “पहिल्या दिवशी ती कडी केवढ्यानं कुरकुरली! दुसऱ्या दिवशी मी तेल घातलं.”

साहेब, आता तो तिसरा शब्द.

माझं लग्न सतराव्या वर्षी झालं. सासरच्या दाराला बाहेरून कडी असायची. तुझ्याच काळजीपोटी, असं सांगायचे. दोन वर्षांनी मी कौलं सरकवून बाहेर पडले आणि मिरजेत आले. त्यामुळं खिडकीच्या फटीला नाक लावून बसलेलं जनावर माझ्याच्यानं बघवलं नाही. पण म्हणून मी धावत जाऊन कडी काढली नाही. आधी आठ दिवस ती गल्ली बघितली. कुत्री कधी झोपतात, शाळेची पोरं कधी वर्गात असतात, गोदामात ट्रक कधी लागत नाही. दीड ते तीन ही वेळ निघाली. मग काढली. वेळापत्रक चुकलं ते एकट्या पैलवानाचं.

धोका नव्हता असं मी म्हणत नाही. चौथ्या वर्षी कुत्र्यानं खर्जीची शेपूट धरली, टोक गेलं. दर उन्हाळ्यात केसांच्या गाठी व्हायच्या, मी कात्रीनं भादरायचे, सिंहाची पोर दिसायची. टिपीनं बारा वर्षांत पत्र्यावर पाय ठेवला नाही, आणि सुखानं गेली. एकाच कागदावरच्या दोघी सख्ख्या बहिणी. एकीला आत हवं होतं, एकीला बाहेर. तुमच्या लेखात हे कुठल्या पानावर बसतं?

खर्जी गेल्या वर्षी संक्रांतीनंतर गेली. सतरा वर्षांची होऊन. माडीच्या चौकटीत, पुढचे पाय बाहेर, मागचे आत, उन्हात झोपली ती उठली नाही. चाचांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं.

तुमच्या पुस्तकाची प्रत मला गौसभाईंनी दिली. तिच्या एका पानात खिमा बांधून आला होता.

माझी माफी मागा असं मी म्हणत नाही. मोलकरीण लिहिलंत, राहू दे, त्या कामातही लाज नाही. पण त्या माडीवर तुम्ही हजर होतात. तुमच्या मनगटावर घड्याळ होतं आणि काटा तुम्ही स्वतः बघितलात. पत्ता तोच आहे, तंबोऱ्यांची गल्ली, मिरज. पोस्टकार्ड चालेल, एक शब्द पुरे. सातव्या मिनिटाला ती परत आली की नाही?

उत्तर द्या.